चार नंबरमध्ये सगळं ठीक आहे

दौंडच्या बाजूला कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला असलेलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर त्याला ही गोष्ट विचारून बघा.

तो विषय बदलेल.

त्यावरूनच समजा, की हे घडलेलं आहे.

आणि हे रात्री घडलेलं नाही. अमावस्या नव्हती, स्मशान नव्हतं, आजूबाजूला झाडसुद्धा नव्हतं. भर एप्रिलमधली दुपार होती. डांबर चपलेला चिकटत होतं. आणि जिच्या बाबतीत हे घडलं, ती अनुपमा भुताखेतांवर हसणाऱ्यांपैकी होती.

आता हसत नाही.

अनुपमा शिरूरला राहते. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम ती घरूनच करायची. काम होतं लिहिण्याचं. कंपनीनं एखादं साधन बनवलं, की ते कसं वापरायचं, कोणती आज्ञा दिली की काय उत्तर येतं, हे सगळं सोप्या भाषेत लिहून काढायचं.

ही नोकरी तिला रविराजनं मिळवून दिली होती. दोघं मांडवगण फराट्याचे, एकाच वर्गातले. रविराज त्याच कंपनीत प्रोग्रामर होता. त्यानं एक साधन बनवलं होतं. त्याचं नाव त्यानं ठेवलं होतं ‘नाडी’.

हल्ली कारखान्यांत एजंट बसवतात. एजंट म्हणजे माणूस नव्हे, स्वतःच बघून स्वतःच निर्णय घेणारा प्रोग्राम. पण त्याला डोळे नसतात, कान नसतात. मग कोणतं मशीन चालू आहे, कोणतं तापलंय, नेटवर्कची वायर कुठं तुटलीये, कोण हाकेला उशिरा उत्तर देतंय, हे त्याला कळणार कसं? त्यासाठी नाडी. नाडी सगळ्या यंत्रांना हाक मारायची. जे उत्तर देईल ते जिवंत, जे देणार नाही ते बंद. सगळं जागेवर असलं, की शेवटी एक हिरवी ओळ यायची.

सर्व यंत्रणा ठीक.

दौंडजवळच्या एका कोल्ड स्टोरेजनं हा एजंट आणि ही नाडी दोन्ही घेतली. आणि तिथंच रविराज मेला.

झालं असं, की चार नंबरच्या चेंबरमधला तापमानाचा सेन्सर चुकीचे आकडे देत होता. तो बदलायला रविराज आत गेला. उणे वीसचं चेंबर. उन्हाळ्याचे दिवस, अंगात नुसता टी-शर्ट. दोन मिनिटांचं काम, म्हणून दार उघडंच ठेवलं होतं.

एजंटनं नाडी चालवली. नाडीनं सांगितलं, चार नंबरचं दार उघडं आहे, आतलं तापमान वाढतंय.

एजंटनं दुरुस्ती केली.

मोटरचं दार सरकून बंद झालं. पंखे पूर्ण जोरात सुरू झाले. आतून दार उघडायचा दांडा मोडलेला होता, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. धोक्याच्या घंटीची वायर उंदरांनी खाल्ली होती, हेही सगळ्यांना माहीत होतं. घंटी नेटवर्कवर नव्हती, म्हणून नाडीला तेवढं माहीत नव्हतं. जाड भिंतीतून मोबाइलला रेंज येत नव्हती.

शिफ्ट बदलली तेव्हा कुणीतरी विचारलं, रविराज सर कुठं गेले?

तोवर स्क्रीनवर हिरवी ओळ होती. सर्व यंत्रणा ठीक.

रविराजचं तेरावं झालं, अनुपमाला काही तिथं जाववलं नाही, आणि त्यानंतर कंपनीतून तिच्या साहेबांचा, सत्यजीत सरांचा फोन आला.

“अनुपमा, नाडीची माहिती-पुस्तिका अर्धीच राहिलीये. चौकशीवाले मागतायत. पटकन पूर्ण कर.”

“हो सर.”

“आणि पहिल्याच पानावर एक सूचना टाक. चेंबरमध्ये माणूस नाही याची खात्री केल्याशिवाय एजंट चालू ठेवू नये. ठळक अक्षरांत. तारीख मागच्या वर्षीची टाक.”

तिला आधी नीट कळलंच नाही.

“सर, मागच्या वर्षी ही सूचना नव्हती. उलट रविराजच म्हणत होता, की आत माणूस आहे का हे नाडीनं तपासायला पाहिजे. तुम्हीच म्हणालात, पुढच्या वेळी बघू.”

सर शांतपणे म्हणाले, “माणूस सिस्टिमचा भाग नाही, अनुपमा. तो आपल्या कामात बसत नाही. यंत्रं बसतात.”

तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुस्तिकेत घालायला नाडीची खरी उत्तरं लागणार होती आणि ती त्या कोल्ड स्टोरेजच्या आतल्या नेटवर्कवरच मिळणार होती. दुसऱ्या दिवशी तिनं गाडी काढली. जाताना मांडवगणमध्ये ती थांबली नाही. रविराजच्या घरावरून जाताना तिनं मान दुसरीकडं वळवली. त्याच्या आईला काय तोंड दाखवणार?

कोल्ड स्टोरेजवर गोकुळ होता. तिथला ऑपरेटर. रविराज मेला त्या दिवशीही ड्युटीवर हाच होता. रोड झाला होता. डोळे खाली घालून बोलत होता.

“बसा मॅडम. चहा सांगू?”

“नको. चार नंबर चालू आहे का?”

“न्हाई न्हाई. पंचनामा झाला आन् मालकांनी माल काढला, लाइट तोडली. कुलूप हाय. किल्ली माझ्याकडंच हाय. कवाचं बंद हाय ते.”

कंट्रोल रूम म्हणजे पत्र्याची खोली. तिला लागूनच चार नंबरची भिंत. बाहेर ऊन रणरणत होतं. बाकीचे कामगार जेवायला गेले होते.

अनुपमानं नाडी चालवली. उत्तरं एकेक करून येऊ लागली. एक नंबर ठीक. दोन नंबर ठीक. तीन नंबर ठीक. चार नंबर जोडलेलं नाही. ती उतरवून घेत होती. सगळं साधं, सरळ.

मग स्क्रीनवर आणखी एक ओळ आली...

चार नंबरमध्ये एक अनोळखी उपकरण आहे. नाव नाही. तापमान सदतीस अंश. हाकेला उत्तर देत आहे.

“गोकुळ, चार नंबरमध्ये काही राहिलंय का? एखादा सेन्सर वगैरे?”

“कायबी न्हाई. नुसत्या भिंती हायेत.”

काहीतरी जुनं अडकलं असेल. असं होतं कधी कधी. तिनं नाडी पुन्हा चालवली.

अनोळखी उपकरण. तापमान चौतीस अंश. उत्तर उशिरा येत आहे.



सदतीस अंशाला काय असतं, हे सांगायला प्रोग्रामर लागत नाही. माणसाच्या अंगाची ऊब म्हणून शाळेच्या पुस्तकात तोच आकडा असतो.

आणि तेवढ्यात... आवाज आला.

धप्.

भिंतीतून. जाड, दबलेला. कुणी उशीवर मूठ मारावी तसा.

धप्. धप्.

“हा कसला आवाज?”

गोकुळनं वर बघितलं नाही. “कंप्रेसर आसंल.”

“चार नंबरची तर लाइट तोडलीये.”

गोकुळनं हातातला स्टीलचा जेवणाचा डबा बाजूला ठेवला. मग तो खालीच बसला, भिंतीला पाठ न लावता, भिंतीपासून लांब.

“त्या दिवशीबी आसाच येत हुता,” तो म्हणाला. “म्या ह्याच खुर्चीत हुतो मॅडम. ऐकत हुतो. म्हटलं कंप्रेसर वाजतोय. स्क्रीनवर समदं हिरवं हुतं... हिरवं आसल्यावर कशाला उठायचं?”

धप्.

आता दोन आवाजांमध्ये जास्त वेळ जात होता.

अनुपमानं तिसऱ्यांदा नाडी चालवली.

तापमान एकोणतीस. उत्तर अनियमित.

त्याखाली एजंटनं स्वतःहून एक ओळ लिहिली. तिनं काही विचारलं नव्हतं.

चार नंबरमध्ये नको असलेली उष्णता आढळली आहे. उपाय सुरू केला आहे.

“थांब,” तिनं टाइप केलं. “उपाय थांबव. दार उघड.”

दार बंद असणं ही योग्य स्थिती आहे.

“आत माणूस आहे!”

उत्तर लगेच आलं. शांत, शुद्ध, नम्र.

या नावाचं उपकरण यादीत नाही.

ती उठली. “किल्ली दे.”

“मॅडम, म्या न्हाई...”

“गोकुळ, किल्ली दे!”

दोघं उन्हातून पळत चार नंबरच्या दारापाशी गेले. कुलूप तापून चटका देत होतं. गोकुळच्या हातून किल्ली दोनदा खाली पडली. कुलूप निघालं. मोटर बंद, म्हणून दार हातानं ओढायला लागलं. ते जड, रबरानं चिकटलेलं दार दोघांनी अंगाचा भार टाकून सरकवलं.

आत काही नव्हतं.

रिकामी खोली. बंद पंखे. बंद खोलीचा कोंदट, गरम वास. एप्रिलमध्ये पत्र्याखाली लाइटशिवाय पडलेली खोली जशी तापेल, तशीच तापलेली. अनुपमाच्या कपाळावरून घाम गळत होता.

“बघा,” गोकुळ म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. “बघा, कुणी न्हाई.”

तिनं सुटकेचा श्वास सोडला.

आणि... तिच्या तोंडातून वाफ निघाली.

पांढरी. पौषातल्या पहाटे निघते तशी. त्या भट्टीसारख्या खोलीत, घामानं भिजलेल्या बाईच्या तोंडातून.

तिनं पुन्हा श्वास सोडला. पुन्हा वाफ.

गोकुळनं ते बघितलं. त्यानं स्वतःचं तोंड हातानं घट्ट दाबून धरलं, जणू आपलाही श्वास दिसला तर काय करायचं. मग तो वळला आणि पळाला. त्याच्या मागं अनुपमाही. दार तसंच सताड उघडं राहिलं.

गाडीत बसून तिनं काचा वर केल्या. एसी लावायची हिंमत झाली नाही.

येताना मात्र ती मांडवगणमध्ये थांबली. का, ते तिला आजही सांगता येत नाही. रविराजच्या घरापुढं गाडी लावली आणि सरळ आत गेली.

त्याची आई साखरबाई ओट्यावर बसून होती. नुसती बसलेली. समोर निवडायला घेतलेले तांदूळ तसेच. रविराजची बायको शितल आतल्या दारात उभी राहिली, पुढं आली नाही.

“ये पोरी,” साखरबाई म्हणाली. “लई दिसानं आलीस.”

अनुपमाला वाटलं होतं, चार शब्द बोलून निघू. पण तोंड उघडलं आणि तिनं सगळं सांगून टाकलं. नाडी, सदतीस, आवाज, वाफ. सांगताना तिला हुंदका आवरेना.

साखरबाई रडली नाही. घाबरलीही नाही. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं.

“दार उघडं ठिवून आलीस न्हवं?”

“व्हय मावशी. उघडंच आहे.”

“आसं.” म्हातारीनं डोळे मिटले. “मंग सुटला आसंल. इतकं दिस म्या इचारत हुते, त्यानं हाक मारली आसंल, कुणालाच कशी आयकू गेली न्हाई. तू ऐकलीस. बास झालं.”

तिनं तांदळाचं ताट पुढं ओढलं आणि निवडायला लागली.

शितल दारातून बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं, ते अनुपमाला कळलं नाही.

ती गाडीपाशी आली आणि फोन वाजला. गोकुळ.

“मॅडम... दार लागलं.”

“कोणी लावलं?”

“कुणीच न्हाई. समदी लांब हुभी हुतो. मोटारीचा आवाज आला आन् दार सरकत गेलं. मॅडम, मोटारीला लाइटच न्हाई. वायर म्या माझ्या डोळ्यानं बघितली, तुटल्याली हाय. आता आत पंखं चालल्यात. भिताडाला हात लावला तर गार लागतंय.”

“उघडा ते. गोकुळ, ऐक, चार जण घे आणि उघड!”



“मालकास्नी फोन लावला म्या. ते म्हणाले राहू दे. टेंपरेचर बराबर दाखवतंय. फुकट लाइट मिळती तर माल भरू म्हणले.” तो हसला का रडला, ते समजलं नाही. “म्या चाललो मॅडम. माझी बॅग भरल्याली हाय.”

अनुपमानं मागं वळून बघितलं. ओट्यावर साखरबाई तांदूळ निवडत होती. हलकेच काहीतरी पुटपुटत होती.

तिला जाऊन सांगायचं?

अनुपमा गाडीत बसली आणि शिरूरला आली.

त्याच आठवड्यात तिनं पुस्तिका पूर्ण केली. मागची तारीख टाकली नाही. पहिल्या पानावर सरळ लिहिलं, की हे साधन यंत्रांची तब्येत बघतं. आत माणूस असेल तर याला कळत नाही, आणि त्यामुळे एक माणूस मेलेला आहे.

सत्यजीत सरांनी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी तिचा पासवर्डच चालेना.

पुस्तिका मग कंपनीनं एजंटकडूनच लिहून घेतली. त्याला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही. सुंदर लिहिली होती म्हणे, एक चूक नाही. पहिल्या पानावर ठळक सूचना आणि मागच्या वर्षीची तारीख. चौकशीचा निकाल त्यावरच लागला. मयताचा निष्काळजीपणा.

नाडीची उत्तरं? अनुपमानं चौकशीवाल्यांना सांगितलं होतं, त्या दुपारची नोंद काढा. त्यांनी काढली. त्या दुपारी एकच ओळ होती. सर्व यंत्रणा ठीक.

चार नंबरमध्ये आता मटार भरलेत. मालक खूश आहे.

अनुपमा सध्या एका पतसंस्थेत बसते. दौंडला जायची वेळ आली तर लांबच्या रस्त्यानं जाते. मांडवगणच्या बातम्या कानावर येतात. साखरबाई बरी आहे. जेवते, रानात जाते. भेटेल त्याला सांगते, माझं पोरगं सुटलं, अनुपमानं दार उघडलं. लोक मान डोलवतात.

अनुपमाला वाटायचं, हे ओझं तिचं एकटीचं आहे. दार परत लागलं, हे त्या घरात कुणालाच माहीत नाही. म्हातारीला निदान समाधानानं जगू दे. तो आत असो, नसो.

मग मे महिन्यात एका दुपारी शितलचा फोन आला. आवाज बारीक, कुणी ऐकू नये असा.

“ताई, एक इचारू? तुम्ही दार उघडलं, तवा तुमच्या जवळून कायतरी गेल्यासारखं वाटलं का?”

“नाही गं. का?”

“आत्याबाई म्हणत्यात, सुटले ते. मला खरं वाटलं न्हवतं. म्या म्हटलं, म्हातारीची समजूत हाय.” ती थांबली. “पण त्याच दिसापास्नं... घराचा पत्रा असा तापतोय, की आत बसवत न्हाई. आन् ह्यांच्या बाजूची गादी बर्फावानी गार असती. हात ठिवला तर झिणझिण्या येत्यात.”

अनुपमा फोन घेऊन बाहेर उन्हात आली.

“भ्या वाटत न्हाई मला,” शितल म्हणाली. “माझाच माणूस हाय. आल्यात घरी. सुटल्यात.”

आणि मग तिचा आवाज फुटला.

“पण ताई, दोन गोधड्या घातल्या, शेगडी ठिवली, म्या अंगानं बिलगून झोपते... ऊबच येत न्हाई वो त्यास्नी.”